स्वयंपाकघरातील लाकडी फडताळे रंगविण्याची पूर्वतयारी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही गावे शहरात सामावून गेल्याला कित्येक दशके लोटली. तथापि तेथील गावठाणांतील जुन्या घरांत लाकडी फडताळे अजून वापरात आहेत, आणि दिवाळीपूर्वी घर रंगविण्याची चालही टिकून आहे. भिंतींना हा काळ एक वेळ चालतो, परंतु लाकडाला तो मानवत नाही. जून ते सप्टेंबर या महिन्यांत लाकडाने हवेतील ओलावा शोषून घेतलेला असतो व तो ऑक्टोबरच्या उन्हाने आठ-दहा दिवसांत निघून जात नाही. अशा फुगलेल्या लाकडावर दिलेला तैलरंग दिवाळीत चकाकतो खरा; परंतु पुढे मार्च महिन्यात लाकूड आकसले की दाराच्या चौकटीत बसविलेल्या फळीच्या कडेला कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते, सांध्यांवरील रंग तडकतो आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात. मग रंगाऱ्याला बोल लावला जातो. दोष बहुधा मुहूर्ताचा असतो.

उपनगरांची हवा एरवी दमट असते. मात्र मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवरून पूर्वेचा वारा वाहू लागला व समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा पोहोचला, म्हणजे पारा झपाट्याने चढतो आणि हवा कोरडी पडते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअस तपमान नोंदले गेले होते. घाटकोपर व मुलुंड ही ठिकाणे खाडीच्या बाजूची असली तरी पश्चिम किनाऱ्यापासून दूर असल्याने तेथे समुद्रवारा आणखी उशिरा पोहोचतो.

अशा दिवसांत फडताळ सर्वांत अधिक आकसलेले असते, आणि येथेच दुसरी चूक घडते. फळी व चौकट यांमधील फट पाहून घरधनी ती लांबीने, म्हणजे खडूची पूड व जवसाचे तेल मळून केलेल्या भरणीने, बुजवून टाकतो. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही. ते रुंदीकडे फुगते. त्या फुगण्यास जागा राहावी म्हणूनच सुताराने फळी खाचेत सैल बसविलेली असते. फट बुजविली तर पावसाळ्यात फळी लांबी बाहेर ढकलते अथवा चौकटीचे सांधे उकलते. खिळ्यांची भोके, टवके व कायमच्या चिरा एवढ्याच भराव्या. खाचेची फट मोकळी सोडावी. तसेच पावसाळ्यात अडकणारे दार त्याच वेळी भरपूर रंधू नये, कारण उन्हाळ्यात ते ढिले पडते.

फडताळ रंगविण्यास जानेवारी ते मार्चचा पूर्वार्ध हा काळ सोयीचा होय. प्रथम फडताळ रिकामे करून दारे, बिजागऱ्या व कड्या काढून घ्याव्या. त्यानंतरचे काम धुण्याचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे होय. फोडणीच्या तेलाची वाफ व धूर यांचा चिकट थर चुलीशेजारच्या दारांवर व कडीभोवती साचलेला असतो. हा थर न काढता प्रथमच काचकागद मारला तर तेल लाकडाच्या रंध्रांत दाबले जाते व त्यावर रंग धरत नाही. दोन लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात भिजविलेल्या फडक्याने पृष्ठभाग पुसावा. हातात रबरी मोजे असावेत. नंतर स्वच्छ पाण्याने किमान दोनदा पुसून घ्यावे. सोड्याचा अंश राहिल्यास तो तैलरंगातील तेलाचा साबण करून रंग मऊ पाडतो. पाण्याचे चार थेंब शिंपडून पाहावे. ते मोत्यासारखे गोळा झाले तर तेलकटपणा अद्याप आहे असे समजावे. वेसावे, गोराई यांसारख्या किनाऱ्यावरील वस्त्यांत खारट थरही धुऊन काढणे अगत्याचे आहे, कारण मीठ ओलावा ओढते.

धुतलेली दारे सावलीत, हवेशीर जागी उभी ठेवावी. कडक उन्हात फळ्या वाकतात. ती वाळली की नाही हे पाहण्यास धान्याचा काटा पुरेसा आहे: एखादी सुटी फळी दररोज एकाच वेळी तोलावी, लागोपाठ दोन दिवस वजन घटले नाही म्हणजे काम पुढे न्यावे. धान्य साठविण्यापूर्वी दाणा दाताखाली फोडून पाहणाऱ्या शेतकऱ्यास ही सावधगिरी निराळी सांगावी लागणार नाही.

जुना रंग खरवडताना मात्र विशेष जपावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली निघाले व नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये व ज्योतीने जाळूही नये. पाण्याने भिजवून पाणकागदाने घासावा, नाकातोंडावर धूळरोधक मुखपट्टी बांधावी, मुले व गरोदर स्त्रिया यांना दूर ठेवावे. पडलेला चुरा झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधावा. तो परसातील भाजीच्या वाफ्यात वा खतखड्ड्यात कदापि टाकू नये. घट्ट बसलेला जुना रंग मुळापर्यंत काढण्याची गरज नसते. केवळ चकाकी मोडली की पुरे. घासल्याने दारे पुन्हा भिजतात, म्हणून ती पूर्ववत वाळवून घ्यावी.

गाठींवर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेचा हात द्यावा, म्हणजे राळ वर येत नाही. सागवान मुळात तेलकट असल्याने कोरे सागवान अस्तरापूर्वी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावे. अस्तर दाराच्या दोन्ही अंगांना व चारही कडांना लावावे. एकच अंग रंगविलेले दार दुसऱ्या अंगाने ओलावा घेऊन वाकते. कोरडा वारा सुटलेल्या दिवशी काम सकाळीच उरकावे, तेही सावलीत. उन्हात रंगावर लवकर साय धरते, आतील द्रव अडकून फोड येतात आणि कुंचल्याचे ओरखडे राहतात. त्यावर उपाय म्हणून रंगात वाजवीपेक्षा अधिक टर्पेंटाइन घालू नये.

ही कामे चालू असता चूल व गॅस बंद असावा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकल्यास ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर मोकळी पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. रंगाचा वास पूर्णपणे जाईपर्यंत पीठ, डाळी व मसाले फडताळात परत ठेवू नयेत.