आठ पत्र्यांचे पात्र

भिलाईच्या जुनवानी भागात राहणाऱ्या माणसाला पोलादाचे फारसे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली, आणि तेव्हापासून त्या परिसरात पोलाद मोजावयाचे ते टनांनी. असा माणूस थायलंडच्या प्रवासास निघाला, तर बँकॉकमध्ये सोन्याचा मुलामा दिलेली शिखरे आणि रेशमाची दुकाने पाहून झाल्यावर त्याने एका अरुंद गल्लीत अवश्य शिरावे. तेथे पोलाद अजूनही माणसाच्या मांडीवर मावते. त्या वस्तीचे नाव बान बात.

नावाचा अर्थ मराठी वाचकाला सहज उलगडेल. ‘बान’ म्हणजे घर किंवा गाव, आणि ‘बात’ म्हणजे आपले ‘पात्र’च. थाई जिभेवर संस्कृत शब्दांची टोके अशीच झिजतात. गंमत अशी, की थायलंडचे चलन जे ‘बात’, त्याचा उच्चारही हाच असला तरी त्याचे मूळ निराळे, म्हणजे ‘पाद’ हे आहे. लिहिताना दोन्ही शब्द वेगळे लिहितात. पहाटे भिक्षू अनवाणी पायांनी भिक्षेला निघतात, त्या फेरीला ‘बिंथबात’ म्हणतात. हा पालीतील ‘पिंडपात’ होय. आपल्याकडील माधुकरीची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. परंतु थाई भिक्षू दारात उभा राहून काही मागत नाही. तो मूकपणे येतो, गृहिणी पात्रात भात वाढते, आणि तो पुढे जातो.

हे पात्र कसे असावे, याविषयी विनयाचे नियम काटेकोर आहेत. पात्र मातीचे किंवा लोखंडाचे असावे. सोन्यारुप्याचे किंवा लाकडाचे चालत नाही. जादा पात्र भिक्षूने दहा दिवसांपेक्षा अधिक काळ जवळ ठेवू नये. जुने पात्र पाच ठिकाणी सांधले जाण्यापूर्वी नवे मागून घेऊ नये, असाही एक नियम आहे. वस्तू फेकून देण्याची सवय जडलेल्या आपल्या काळाला तो थोडा चमत्कारिक वाटेल.

1767 साली ब्रह्मी सैन्याने अयुध्या ही राजधानी उद्ध्वस्त केली आणि 1782 मध्ये बँकॉक राजधानी झाले. जुन्या राजधानीतून आलेल्या कारागिरांचे आपण वंशज आहोत, असे बान बातचे लोक सांगतात. वस्तीच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर वाट साकेत हा मठ व त्याची सुवर्णटेकडी आहे. (हे ‘वाट’ म्हणजे मार्ग नव्हे, संस्कृतातही ‘वाट’ या शब्दाचा कुंपण घातलेली जागा असा एक अर्थ आहे.) टेकडी मनुष्यनिर्मित आहे. भारतात पिप्रहवा येथे 1898 साली सापडलेल्या बुद्धाच्या अस्थी राजा चुलालोंगकोर्न यांना भेट देण्यात आल्या. त्यांतील अंश या टेकडीवरील स्तूपात ठेवला आहे. पायऱ्या तीनशेहून अधिक आहेत. सकाळच्या गारव्यात चढावे, हे उत्तम.

टेकडीवरून उतरून गल्लीत शिरले, की घर दिसण्याआधी हातोड्याचा आवाज ऐकू येतो. पात्र पोलादी पत्र्याच्या आठ तुकड्यांचे बनते. प्रथम काठाची गोल पट्टी वाकवितात. मग एक लांब व दोन आखूड पट्ट्या क्रुसासारख्या एकमेकींना जोडून पात्राचा सांगाडा तयार करतात. उरलेल्या चार मोकळ्या जागांत पाकळीच्या आकाराचे चार तुकडे बसतात. हे आठ तुकडे म्हणजे आर्य अष्टांगिक मार्गाची आठ अंगे, असे कारागीर मानतात. तुकड्यांच्या कडांना करवतीसारखे दाते पाडून ते एकमेकांत गुंतवितात. सांध्यांवर तांबे व टाकणखार लावून पात्र भट्टीत घालतात. तांबे वितळून फटींत झिरपते व डाख पक्का बसतो. त्यानंतर ऐरणीवर ठोकून आकार काढावयाचा आणि कानशीने घासावयाचे. काठ, सांगाडा, ठोकणी, घासणी यांतील प्रत्येक काम बहुधा वेगळ्या हातांकडे असते, आणि एक पात्र पुरे होण्यास कित्येक दिवस लागतात.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिले असेल, त्यांना ही ठोकणी ओळखीची वाटेल. तांबट हातोड्याच्या एकसारख्या ठशांनी भांड्याला बळकटी व झळाळी आणतो. बान बातचा कारागीर मात्र ठसे शक्यतो पुसून टाकतो. दोघांवर संकट एकच आले. तांब्याच्या घागरी हंड्यांची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली, तशीच 1970 नंतरच्या दशकात यंत्राने एका दाबात काढलेली भिक्षापात्रे बाजारात आली. ती स्वस्त होती, गंजत नव्हती, घासण्यास सोपी होती. हाताने घडविलेले पात्र भाजून काळे करावे लागते व कोरडे ठेवावे लागते. हयगय झाली की तांबेरा चढतो. भिक्षूंना दान देणाऱ्या गृहस्थांनी स्वस्त पात्र निवडले, यात त्यांचा मोठा दोष म्हणता येणार नाही. मात्र एकेकाळी जेथे सगळी वस्ती हे काम करीत होती, तेथे आज मोजकीच कुटुंबे ऐरणीपाशी बसतात.

ती कुटुंबे टिकली ती बऱ्याच अंशी प्रवाशांमुळे. येथे मनात थोडी अडचण उभी राहते. जे पात्र दानाखेरीज हाती येऊ नये, ते विकत घेऊन आपण दिवाणखान्यात मांडतो. थाई सरकारने 2001 साली ‘एक तांबोन, एक उत्पादन’ ही योजना सुरू केली (तांबोन म्हणजे गावांचा गट), तिच्यामुळे अनेक हस्तकलांना बाजार मिळाला. पण बाजार आला की वस्तू लहान, हलकी व पिशवीत मावेल अशी होऊ लागते. बान बातमध्येही छोटी पात्रे होतात. तरीही, आमच्या मते, ती घ्यावीत. भट्टीतील कोळसा कोणाच्या तरी पैशानेच पेटतो.

घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. भाजून काळ्या केलेल्या पात्रात सांधे झाकले जातात, म्हणून तसे न केलेले एखादे मागावे. करड्या पोलादावर तांब्याच्या दातेरी रेषा स्पष्ट दिसतील. यंत्राच्या पात्राला अशा रेषा नसतात. आणि कारागीर काम करीत असेल, तर किंमत विचारण्यापूर्वी हातातला घाव पुरा होऊ द्यावा. लाल झालेले लोखंड गिऱ्हाइकासाठी थांबत नाही.