केक छोटा, बर्थडे मोठा!

हॉल बुक, थीम फायनल, इन्व्हाइट व्हॉट्सअ‍ॅपवर. फुग्यांची कमान, ढोलासारखा वाजणारा डीजे, टॅटूवाला, मॅजिकवाला आणि मधोमध तीन मजली केक. पाहुणे शंभर, त्यातले निम्मे आई-बाबांच्या ऑफिसचे. आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट, तो दोन वर्षांचा हीरो? नवी कोरी शेरवानी टोचतेय म्हणून आजीच्या खांद्यावर भोकाड पसरून बसलाय! ओळखीचं वाटतंय ना? गेल्या महिनाभरात अशा एखाद्या पार्टीला तुम्हीही गिफ्टचं पाकीट घेऊन गेला असाल. आणि घरी परतताना दोघांनी एकमेकांकडे बघून मनातल्या मनात हिशोबही केला असेल, की आपल्या पिल्लाच्या वाढदिवसाला आता काय करायचं?

खरं सांगायचं तर प्रश्न पैशांचा नाहीच. आपण दोघंही सकाळी नऊला बाहेर पडतो आणि रात्री आठला दमून घरी येतो. वर्षभर जो वेळ देता आला नाही, त्याची भरपाई एका संध्याकाळच्या पॅकेजमधून करायला बघतो. पण ही भरपाई मुलापर्यंत पोचते का, हा खरा मुद्दा आहे.

आठवणार कुणाला?

मानसशास्त्र सांगतं, की मोठेपणी आपल्याला आठवणारी सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. त्याआधीचं बहुतेक सगळं पुसलं जातं. म्हणजे पहिला वाढदिवस मुलाला आठवणार नाही, दुसराही नाही. तो असतो आपला! आई-बाबा म्हणून एक वर्ष निभावलं, रात्री-अपरात्री जागलो, त्याचं सेलिब्रेशन. ते जरूर करा. फक्त ते मुलाच्या नावावर खपवून त्याच्या झोपेचं खोबरं करू नका.

मुलांना नेमकं काय भावतं, याचा अंदाज मात्र फसवा असतो. माझ्या एका मैत्रिणीनं लेकीच्या तिसऱ्या वाढदिवसाला मोठा हॉल घेतला होता. केक कापेपर्यंत उत्सवमूर्ती गाढ झोपलेली. चौथ्या वर्षी बजेट होमलोनच्या हप्त्यात गेलं, म्हणून नाइलाजानं साधा बेत ठरला. सकाळी आजीनं औक्षण केलं, आईनं हाफ डे टाकला आणि मायलेकी पीएमपीएमएलच्या बसमध्ये खिडकीजवळ बसून सारसबागेत गेल्या. एरवी कारनं फिरणाऱ्या त्या पोरीला बसची इतकी अपूर्वाई, की पुढचे दोन आठवडे घरात कंडक्टर-कंडक्टर हाच खेळ चालू होता. तिकिटं कापून कापून आजोबा थकले!

आपला देशी फॉर्म्युला

साध्या वाढदिवसाचा उत्तम नमुना आपल्या घरात आहेच. पाट, पाटाभोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. दहा मिनिटांचा कार्यक्रम, पण त्या दहा मिनिटांत घरातल्या सगळ्यांचं लक्ष फक्त त्या एका जिवाकडे असतं. मुलांना हवं असतं ते हेच.

एक गंमत बघा. आपल्याकडे तिथीनं आणि तारखेनं असे दोन वाढदिवस असतात. दोन्ही साधारण दर 19 वर्षांनीच जुळून येतात. मग या सोयीचा फायदा घ्या ना! तिथीला घरच्यांचं औक्षण आणि गोडाचं जेवण, तारखेला मित्रमंडळींची धमाल. एकाच दिवशी सगळं कोंबायचं टेन्शन नको.

आणि वाढदिवस जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास असेल तर बोरन्हाणासारखी रेडीमेड पार्टी नाही. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान कधीही करता येतं. काळा झबला, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, रेवड्या आणि ते गोळा करायला झेपावलेली बिल्डिंगमधली पोरं. असा इव्हेंट मॅनेजर कुठे मिळतो?

पार्टी करायचीच असेल तर

करा की! फक्त थोडं गणित सांभाळा. बोलवायच्या मुलांची संख्या मुलाच्या वयाइतकी, फार तर एखाद-दोन जास्त. तीन वर्षांच्या मुलाला चार दोस्त पुरतात. वेळ दीड तास, फार तर दोन. दुपारची झोप झाल्यावर पाच ते साडेसहा हा स्लॉट बेस्ट. रात्री आठचा मुहूर्त मोठ्यांच्या सोयीचा, छोट्यांच्या नाही.

मेन्यू घरचा ठेवा. शिरा, छोट्या इडल्या, कमी तिखट भेळ. केकसाठी ओव्हन हवाच असं नाही. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिटी आणि रिंग काढून केलेला केक आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खाल्लाय. तो थोडा वाकडा झाला तरी बिघडत नाही. त्यावर जेम्सच्या गोळ्या लावायचं काम बर्थडे बॉयकडे सोपवा, मग तो केक ‘मी केलेला’ होतो.

मेणबत्त्या फुंकायच्या असतील तर एक युक्ती. 2017 मध्ये अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या प्रयोगात, मेणबत्त्या फुंकल्यावर आयसिंगवरचे जंतू सरासरी 14 पट वाढलेले दिसले. घाबरू नका, पण सर्दी-खोकल्याच्या दिवसांत मेणबत्ती एका वेगळ्या कपकेकवर लावा. तो कपकेक फुंकणाऱ्याचा, बाकीचा केक सगळ्यांचा!

हे मात्र नक्की पाळा

• फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला. आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात फुग्याचा तुकडा अडकायचा धोका असतो.

• पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं देऊ नका. बोरन्हाणातही बोरं-शेंगांवर एका मोठ्या माणसाची नजर हवी.

• एक वर्ष पूर्ण व्हायच्या आत बाळाला मध चाटवू नका.

• प्लॅस्टिकच्या प्लेट्स, कप, चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि सजावटीचं थर्माकोल यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. घरातल्या स्टीलच्या वाट्या काढा, धुवायला बाबा आहेतच!

फिरायला कुठे?

पुण्यात असाल तर पेशवे पार्कची फुलराणी. ही छोटी गाडी 1956 साली सुरू झाली. कदाचित तुमचे बाबाही तिच्यात बसले असतील. त्यांनाच बरोबर घेऊन जा, गोष्टी आपोआप निघतील. गाडी चालू आहे ना, हे मात्र आधी विचारून घ्या. कोथरूडमधलं जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं म्युझियम म्हणजे गाडीवेड्या पोरांसाठी स्वर्गच. मुंबईकरांना राणीची बाग आहे, तिथल्या पेंग्विनसह. बुधवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवा. आणि काहीच जमलं नाही तर दुपारी गर्दी नसताना लोकलची एक चक्कर. पाच वर्षांखालच्या उत्सवमूर्तीला तिकीटही लागत नाही!

रिटर्न गिफ्ट आणि आठवणींचा डबा

तेच ते पेन्सिल बॉक्स आणि दुसऱ्या दिवशी मोडणाऱ्या गाड्या नकोत. तुळशीचं रोप द्या किंवा मराठी चित्रपुस्तक. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ तीन-चार वर्षांच्या मुलांना वाचून दाखवा, पुन्हा पुन्हा मागतात की नाही बघा.

आठवणी जपायला फोटोग्राफरही नको. दरवर्षी त्याच खुर्चीत बसवून एक फोटो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं उंचीची खूण आणि तारीख. आई-बाबांचं एका पानाचं पत्र, ज्यात या वर्षी तो कोणता शब्द चुकीचा म्हणायचा, कशाला घाबरायचा, हे लिहिलेलं. आणि मोबाइलवर आजी-आजोबांच्या आवाजात एक गोष्ट रेकॉर्ड करून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. मुलं दरवर्षी मोठी होतात, तसे आजी-आजोबाही म्हातारे होतात.

तर मग डेकोरेटरला फोन करण्याआधी कॅलेंडर उघडा, वाढदिवसाच्या दिवशीची दुपार ब्लॉक करा आणि बॉसला रजेचा मेल टाका. कारणाच्या रकान्यात ‘पर्सनल वर्क’ वगैरे लिहू नका. सरळ लिहा, ‘मुलीचा वाढदिवस आहे, बसमधून फिरायला जायचंय.’ काय सांगावं, बॉसच्याही घरी एखादं पिल्लू वाट बघत असेल!