सीओपीडी : डॉक्टरांसाठी तीन धडे

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन फुफ्फुसं कायमची कमजोर करणारा जुनाट आजार. दम्यात हा अडथळा औषधाने बराचसा सुटतो; इथे तो पूर्ण सुटत नाही. लक्षणं मात्र मिळतीजुळती, त्यामुळे नुसत्या स्टेथोस्कोपवर भिस्त ठेवून भागत नाही. म्हणून डॉक्टरांचा पहिला धडा स्पायरोमेट्रीचा.

रुग्णाने छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि जोर लावून शेवटपर्यंत फुंकायचं. मग श्वासनलिका रुंदावणारं औषध देऊन १०-१५ मिनिटांनी चाचणी पुन्हा करायची. तरीही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर सीओपीडीचं निदान पक्कं होत जातं.

दुसरा धडा प्रश्नांचा. बिडी-सिगारेटला हात न लावलेल्या बाईलाही चुलीच्या धुरामुळे हा आजार होऊ शकतो. 'चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?' हे विचारलंच पाहिजे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधलं होतं.

तिसरा धडा इनहेलरचा. तो रुग्णाला समोर ओढून दाखवायला सांगावा. पंप दाबणं आणि श्वास घेणं यांचा मेळ चुकला, की बरंचसं औषध घशातच राहतं.

चाळिशीनंतर जिना चढताना धाप लागत असेल, खोकला हटत नसेल, तर वयाला दोष देऊ नका. डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल स्वतःहून विचारा.