एकाच दाण्याची दोन नावं

लेखमाला : ताटापर्यंतची वाट (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनीतून ज्वारी कशी हटत गेली ते पाहिलं. सोयाबीनचा नगद पैसा, पावसात काळी पडणारी कणसं, रात्रभर जागलीला बसवणारे रानडुक्कर आणि रोही, अशी सगळी कारणं होती. आज परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला जाऊ. इथं, समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंचीवर आणि खाली उतरत जाणाऱ्या मेळघाटाच्या उतारांवर, कोरकू आदिवासींच्या बरड जमिनीत कोदो, कुटकी आणि सावा ही धान्यं पिढ्यान् पिढ्या पिकत आली.

कुटकीचा दाणा मोहरीएवढा. पावसाच्या तोंडावर फेकून पेरायची, तीनेक महिन्यांत कापायची. मातीचा थर वीतभरही नसला तरी चालतं. खत नाही, फवारणी नाही, बियाणं घरातल्या कणगीतलं. कोदोला दिवस थोडे जास्त लागतात, पण टरफलासकट नीट वाळवून ठेवला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. एखादा पावसाळा कोरडा गेला तर घर तगायचं ते त्यावर. शाश्वत अन्नव्यवस्था हा शब्द आज परिषदांतून ऐकू येतो, पण तिच्यासाठी लागणारं बहुतेक सगळं या उतारांवर आधीपासून होतं.

तरीही ते मागं पडलं. शेतातली कारणं आहेतच, पण मला आज मनातल्या कारणाबद्दल लिहायचं आहे.

आमच्या घरी एकादशीला भगर शिजायची. सोबत दाण्याची आमटी. आई ती भगर पितळेच्या वेगळ्या डब्यात, देवघराजवळच्या फळीवर ठेवायची आणि आंघोळीआधी त्या डब्याला हात लावू द्यायची नाही. आपण जिला भगर म्हणतो ती वरई, सावा अशा बारीक धान्यांचीच असते, आणि वनस्पतिशास्त्रात वरई आणि कुटकी या दोघींचं नाव एकच आहे, पॅनिकम सुमात्रेन्स, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा खरंच गलबलून आलं. खाली अमरावतीत जे धान्य देवाच्या नावानं सोवळ्यात शिजतं, तेच वर मेळघाटात गरिबाचं अन्न म्हणून हिणवलं जातं. पाहुणे आले की कुटकी मागं ठेवून रेशनचा पांढरा तांदूळ चुलीवर चढतो. दाण्यात काही फरक नाही, तो कुणाच्या ताटात आहे यावर त्याचा मान ठरतो.

हा मान एका दिवसात गेला नाही. १९९३ मध्ये मेळघाटातले बालमृत्यू राज्यासमोर आले आणि त्यानंतर इथं काय पोचवायचं याचा विचार झाला तो प्रामुख्यानं बाहेरून आणायच्या अन्नाचा. रेशनच्या गहू-तांदळानं उपासमार रोखली, हे मान्य केलंच पाहिजे. त्याला नावं ठेवणं अन्यायाचं होईल. पण सरकार देतं ते चांगलं आणि आपण पिकवतो ते हलकं, हा धडाही त्या पोत्यांबरोबर घरात आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरड धान्यही होतं, तेही १ रुपया किलोनं. तो कागद दुकानाच्या तराजूपर्यंत आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

दुसरा भाग कष्टाचा आहे, आणि तो बाईच्या वाट्याचा आहे. कुटकी उखळात घालायची, मुसळानं कांडायची, सुपानं पाखडायची, उरलेलं टरफल दिसलं की पुन्हा कांडायची. दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईनं चार माणसांच्या भातासाठी हे करायचं. गावातली चक्की पीठ दळते. इतक्या बारीक दाण्याचं टरफल काढणं तिचं काम नाही. रेशनचा तांदूळ मात्र धुतला की आधणात. तिनं तांदूळ निवडला, यात तिची चूक काढायचा हक्क कुणालाही नाही. ‘पारंपरिक अन्न खा’ असं तिला सांगणाऱ्यानं आधी मुसळ हातात घेऊन पाहावं.

शहरात उलट घडलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं या धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्यं’ म्हणायचं ठरवलं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, ‘श्रीअन्न’ हे नाव आलं, दुकानांत चकचकीत पाकिटं आली. त्यातला काही उत्साह मला खटकतो. भरड धान्य म्हणजे सर्व रोगांवर औषध, असली विधानं करू नयेत. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात १० सुद्धा नाही, हे खरं आहे आणि पुरेसं आहे. कुटकीत तांदळापेक्षा तंतू कितीतरी जास्त असतात, पण तीच कुटकी पांढरी होईपर्यंत घासली तर ते कोंड्याबरोबर निघून जातात.

भरवसा जपायचा तर धोकाही सांगायला हवा. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये बुरशी लागलेला कोदो खाऊन दहा हत्ती मेले. नवरात्रात भगरीच्या पिठानं विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडेही येतात, त्यामागेही बहुतेक वेळा ओल आणि बुरशीच असते. कापणीनंतर कोदो कडक उन्हात वाळवायचा, पावसात भिजलेला खायचा नाही, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. पीक गेलं तसं ते ज्ञानही चाललं आहे.

मग मन बदलतं कशानं? ओडिशानं २०१७ पासून आदिवासी जिल्ह्यांत नाचणीचं काम सुरू केलं, ते मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. तिथं जाहिरातीवर थांबले नाहीत. बियाणं दिलं, महिला गटांना यंत्रं दिली, सरकारनं हमीभावानं नाचणी विकत घेतली, तीच रेशनमध्ये वाटली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांच्या हातात तिचे लाडू ठेवले. आपलं धान्य सरकार विकत घेतं आणि आपल्याच पोराला अंगणवाडीत देतं, हे पाहिलेल्या माणसाला त्याची लाज वाटेनाशी होते. आता तिथं १० नोव्हेंबरला ‘मंडिया दिवस’, म्हणजे नाचणीचा दिवस, साजरा होतो.

चिखलदऱ्याला आणखी एक संधी आहे, ती म्हणजे पावसाळ्यात शनिवार-रविवारी भीमकुंड आणि गाविलगड पाहायला लोटणारी गर्दी. ही माणसं मोथा गावची रबडी मागून खातात, इथली कॉफी बांधून नेतात, अलीकडे स्ट्रॉबेरीही. मागणी झाली की डोंगरातला माल ताटात येतो, हे इथं सिद्ध झालेलं आहे. गेल्या खेपेला एका खानावळीत मी कुटकीचा भात मिळेल का विचारलं. वाढणारा मुलगा कोरकू होता. तो आधी गोंधळला, मग हळूच म्हणाला, “साहेब, ते आम्ही घरी खातो.” मी म्हटलं, तेच हवं आहे. त्या दिवशी मिळाला नाही. पण आत जाऊन त्यानं आचाऱ्याला काहीतरी सांगितलं, आणि दोघंही दारात येऊन माझ्याकडे पाहत उभे राहिले.

येत्या एकादशीला भगरीचं पाकीट उघडाल तेव्हा ते कुठल्या धान्याचं आणि कुठल्या जिल्ह्यातलं आहे हे त्यावर लिहिलंय का, ते बघा. नसेल तर दुकानदाराला विचारा. पुढच्या लेखांकात टरफल काढणाऱ्या यंत्राबद्दल.