एका सुताचा फरक

मागच्या उन्हाळ्यात वाशीमच्या घरी पुस्तकांचे कपाट करायला घेतले. मिस्त्रींनी आठ बाय चारची प्लाय अंगणात दोन स्टुलांवर आडवी टाकली, पेन्सिलीने रेघ ओढली आणि कटर सुरू केला. पट्टी नाही, क्लॅम्प नाही. मी चाचरत विचारले, तर म्हणाले, "पट्टी कायले पायजे भाऊ? तीस वर्षं झाले, हात बसला आता."

फळी कापून झाली आणि दिसायला सरळच होती. पण कपाट उभे राहिले तेव्हा मागची फळी आणि बाजूची फळी यांच्यात फट दिसू लागली. दोन्ही टोकांना नाहीशी होणारी, मधोमध सर्वांत रुंद. मोजली तर एक सूत.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. टेपवर मिलिमीटर छापलेले असले तरी आपल्याकडचा मिस्त्री अजून सुतातच बोलतो. हे माप ज्या दोरीचे नाव घेऊन आले, तीच दोरी 'सुतार' या शब्दातही आहे. 'सूत्रधार' या संस्कृत शब्दापासून प्राकृतातून घासत आलेले ते रूप. रंगात बुडवलेली दोरी ओंडक्यावर ताणायची, मधोमध उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. या दोरीवरून वाशीमचीच एक जुनी गोष्ट आठवते. वाशीम हे जुने वत्सगुल्म. तिथल्या वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करवून घेतले. त्याच्या पुढच्या दालनाच्या छताला लाकडी तुळयांचा आकार दगडात दिला आहे. दगडात लाकूड कोरणारे ते कारागीरसुद्धा नुसत्या नजरेवर विसंबले नसणार. तेव्हा ज्या धंद्याच्या नावातच दोरी आहे, त्या धंद्यात 'हात बसला की पट्टी लागत नाही' हा समज कुठून आला, याचे मला नवल वाटते.

माझा अंदाज असा, की तो हातकरवतीच्या काळातून आला. हातकरवतीचे दात आळीपाळीने दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात, त्यामुळे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि करवत त्यात जराशी वळवता येते. रेघ सुटली तर कसलेला हात पुढच्या दहा-बारा ओढींत ती परत पकडतो. सर्क्युलर सॉचे पाते मात्र ताठ चकती असते. सात इंचांची चकती दोन-अडीच मिलिमीटरच्या चिरेत एकदा शिरली, की तिला वळायला जागाच नाही. रेघ सुटल्यावर मशीन हाताने पिळले तर चकतीच्या बाजू लाकडावर घासतात, कड काळी पडते, मोटर कण्हू लागते. अनुभवी हात रेघेच्या जवळ राहतो, यात शंका नाही. पण त्याची कड म्हणजे अनेक छोट्या सरळ तुकड्यांची जोडलेली माळ असते. सागवानावर ती रंध्याने सरळ करता येत होती. प्लायच्या थरांचे रेषे एकआड एक उभे-आडवे असतात, तिथे रंधा चालवला की एक थर गुळगुळीत होतो आणि दुसरा उखडतो.

सर्क्युलर सॉ हे यंत्र मुळात सुतारकामासाठी जन्मलेले नाही, हेही इथेच सांगून टाकतो. अमेरिकेत लुइझियानातली ऊसतोड पाहून एडमंड मिशेल या माणसाने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयत्यालाच मोटर जोडायचा प्रयत्न केला. त्यातून पुढे हातात धरायची गोल करवत तयार झाली आणि १९२४ मध्ये तिची कंपनी निघाली. ऊसतोडीच्या महाराष्ट्रात ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. या करवतीला नेमकी वाट दाखवणारी रुळासारखी पट्टी १९६०च्या दशकात जर्मनीतल्या फेस्टो कंपनीने बाजारात आणली. म्हणजे कोयता आधी आला, शिस्त चाळीस वर्षांनी.

"मार्बल कटरला लाकडाचे पाते लावले की झाले सर्क्युलर सॉ"

विदर्भातच नाही, देशभर प्लाय बहुधा चार-पाच इंची मार्बल कटरने कापली जाते. तो स्वस्त आहे, हलका आहे, सकाळी फरशी आणि दुपारी प्लाय अशी दोन्ही कामे करतो, आणि १८ मिलिमीटर जाडीला त्याची खोली पुरते. पण तो बनला आहे दात नसलेल्या हिऱ्याच्या चकतीसाठी. ती चकती फरशी घासते, तिला चावा नसतो. दाताचे पाते मात्र लाकडात घुसून पकडते. शिवाय कटर मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतो. सात इंची सर्क्युलर सॉ पाच-सहा हजार. सर्क्युलर सॉचे खालचे झाकण काप संपताच स्प्रिंगने आपोआप पात्यावर येते. कटरचे पाते खालून उघडेच राहते. बटण दाबून अडकवून ठेवायची सोय असेल, तर मशीन हातातून निसटले तरी फिरतच राहते. दातांचे पाते लावू नका, असे या कटरच्या माहितीपत्रकांत सांगितलेले असते. ते पत्रक मात्र खोक्याबरोबर भंगारात जाते.

कटरवर पोट असलेल्या मिस्त्रीला उद्यापासून तो सोडा म्हणणे मला शोभणार नाही. पण घरी हौसेने काम करणार असाल आणि पहिलेच मशीन घेणार असाल, तर कटर घेऊ नका.

"कारखान्याची कड सरळच असते"

बऱ्याचदा असते. पण पट्टी म्हणून जी कड वापरायची ती तपासल्याशिवाय वापरू नये, कारण तिचा बाक प्रत्येक फळीत उतरतो. तपासणी सोपी आहे. पट्टी प्लायवर ठेवून टोकदार पेन्सिलीने कडेलगत रेघ ओढा. मग पुस्तकाचे पान उलटावे तशी पट्टी पालथी करून तीच कड त्याच रेघेच्या दोन टोकांना जुळवा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर कड सरळ. मध्ये फाकल्या तर फाकेच्या निम्मा बाक त्या कडेत आहे. गवंडी गिलाव्याला वापरतात ती अॅल्युमिनियमची चौकोनी पट्टी या परीक्षेत बहुतेक वेळा पास होते. पुढचे वर्षभर तिला भिंतीशी तिरकी टेकवून ठेवू नका, एवढेच. प्लायही तशी ठेवली की बाक धरते, त्यात पावसाळ्याची ओल लागली तर विचारूच नका.

शीट काटकोनात आहे का, हे कर्णांवरून कळते. २४४० बाय १२२० मिलिमीटरच्या शीटचे दोन्ही कर्ण २७२८ मिलिमीटर यायला हवेत. ते एकमेकांएवढे नसतील तर शीट तिरकी आहे, मग दुकानदार काहीही म्हणो.

"गुण्या लावला की काटकोन पक्का"

हा गैरसमज मी स्वतः बरीच वर्षे बाळगला. सहा इंची गुण्याने पट्टी लावायची आणि काप आठ फुटांचा. गुण्यापाशी अर्ध्या मिलिमीटरची चूक डोळ्याला दिसत नाही. तीच आठ फुटांवर पोचेपर्यंत आठ मिलिमीटर होते, म्हणजे अडीच सूत. लांब कापाला गुण्या बाजूला ठेवावा आणि शीटच्या कडेपासून दोन्ही टोकांना टेपने सारखे अंतर घेऊन खुणा कराव्यात. टेपचा आकडा जरासा चुकीचा असला तरी दोन्ही टोकांना तेवढाच चुकीचा राहतो.

दोन टोकांना क्लॅम्प आवळले म्हणजे पट्टी हलणार नाही, हेही अर्धेच खरे. आठ फुटांची दीड-दोन इंच रुंद पट्टी मधोमध हाताच्या दाबाने बाहेर फुगते, आणि मग नेमकी माझ्या कपाटासारखी फट येते. पट्टी रुंद हवी, १०० मिलिमीटर तरी. दीडशे असेल तर निर्धास्त.

मशीनच्या पायाची कड पात्याला समांतर आहे का, हेही एकदा बघावे. प्लग काढून पाते हाताने फिरवायचे. एकाच दातावर खूण करून त्याचे कडेपासूनचे अंतर पुढे आणि मागे मोजायचे. त्यात फरक असेल तर पट्टी कितीही सरळ असो, पात्याचा मागचा भाग चिरेला घासणार आणि कड जळणार.

आता पट्टी घरीच कशी करायची ते. बाजारातली रुळाची पट्टी महाग असते, आणि घरची तितकीच चालते. ६ किंवा ९ मिलिमीटर प्लायची लांब फळी घ्या. तिच्यावर तपासलेली सरळ कड असलेली १२ मिलिमीटरची पट्टी चिकटवून स्क्रूने बसवा. खालची फळी पात्याच्या बाजूला मुद्दाम जास्त रुंद सोडा. मग मशीनचा पाया त्या सरळ कडेला टेकवून एकदा अखेरपर्यंत चालवा. जास्तीची पट्टी कापली जाते आणि उरलेली कड नेमकी पाते जिथून जाते तिथे येते. यापुढे पायापासून पात्यापर्यंतचे अंतर मोजायचे, मिळवायचे, वजा करायचे, ही सगळी कटकट संपते. ही कड खुणांवर ठेवायची, क्लॅम्प आवळायचे आणि मशीन चालवायचे. मात्र ही पट्टी त्याच मशीनची आणि त्याच पात्याची. जाडजूड पाते लावले की कड पुन्हा कापली जाते. बारीक लावले तर कड आणि काप यांत फट राहते.

पट्टी ठेवायची ती आपल्याला हव्या असलेल्या तुकड्यावर, म्हणजे चीर टाकाऊ बाजूला पडते. याचा आणखी एक फायदा आहे. पट्टीची कड रेघेलगत प्लाय दाबून धरते आणि त्या बाजूच्या चिपा उडत नाहीत. दुसऱ्या बाजूच्या उडतात, त्या उडू द्याव्यात.

"चांगली बाजू वर ठेवावी, म्हणजे दिसते"

टेबल सॉवर हे बरोबर आहे. हातातल्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, त्यामुळे चिपा वरच्या बाजूच्या उडतात. प्रीलॅम किंवा सनमायका लावलेली फळी असेल तर चांगली बाजू खाली घालावी. मशीन टेबलाखाली उलटे बसवले की दात वरून खाली जातात, मग चांगली बाजू वर. वरच्या बाजूवर चिकटपट्टी लावतात, तिने थोडा फरक पडतो. धारदार चाकूने पट्टीला धरून रेघ आधीच कापली तर जास्त. पाते फळीखाली जेमतेम दाताएवढे, ५ मिलिमीटरच्या आसपास, बाहेर दिसू द्यावे. पूर्ण खोली ठेवून कापले की दात लाकडातून जवळजवळ उभे वर येतात, चिपा वाढतात आणि हात घसरला तर पोचायला पाते जास्त उघडे सापडते. २४ दातांचे पाते भराभर चालते पण कड ओबडधोबड ठेवते. प्लायला ४० किंवा ६० दातांचे कार्बाइड टोकांचे पाते घ्यावे. प्लायमधला डिंक साध्या पोलादाची धार लवकर खातो.

हळू चालवले की स्वच्छ काप येतो, असेही ऐकतो. फार हळू गेले की पाते एकाच जागी घासत राहते आणि कड जळते. मोटरचा आवाज बसू न देता एका चालीने जावे.

"मशीन मागे उसळते ती मशीनची खोड"

उसळण्याचे कारण बहुतेक वेळा खाली असते. दोन टोकांना दोन स्टुले आणि मध्ये काप, अशी मांडणी असली की काप पुढे सरकतो तसा शीटचा मधला भाग खाली झुकतो. चिरेची तोंडे वरून मिटतात आणि पात्याला चिमटा बसतो. पात्याचा मागचा भाग चिरेत अडकला, की ते लाकडावर चढते आणि मशीन कापणाऱ्याच्या अंगावर येते. उपाय म्हणजे दोन्ही तुकड्यांना स्वतंत्र आधार. कापाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन, असे चार बत्ते घाला. नाहीतर अंगणात जाड थर्माकोलची शीट पसरून त्यावर प्लाय ठेवा आणि पाते थर्माकोलमध्ये थोडे जाऊ द्या. मशीनच्या थेट मागे उभे राहू नका. वायर खांद्यावरून मागे घ्या, कारण प्लायच्या कोपऱ्यात ती अडकली की मशीन ऐन मध्यावर थबकते. गळ्यातला गमछा काढून ठेवा. आणि मास्क लावा. लाकडाच्या बारीक भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये पहिल्या गटात टाकले, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे ठरलेल्या पदार्थांत. मिस्त्री लोक तोंडाला रुमाल बांधतात. न बांधण्यापेक्षा बरे, पण सूक्ष्म भुसा कापडातून जातो.

शेवटी एक हिशोब, ज्यात जवळजवळ सगळेच फसतात. चार फूट रुंद शीटमधून फुटाफुटाच्या चार पट्ट्या निघतात, असे आपण धरून चालतो. तीन काप, प्रत्येकी सव्वादोन मिलिमीटर भुसा. पावणेसात मिलिमीटर, म्हणजे दोन सूत, झाडून टाकण्यात गेले. चौथी पट्टी तेवढी अरुंद निघते आणि दोष कापणाऱ्याला मिळतो. आधीच ३०३ मिलिमीटर धरून चारही सारख्या घ्याव्यात.

माझ्या कपाटाच्या फटीवर मिस्त्रींनी सागाची बारीक पट्टी मारून दिली. दुसऱ्या कपाटाच्या वेळी मात्र मी आधीच आठ फुटी पट्टी करून ठेवली होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, एका डोळ्याने कडेवरून नजर टाकली आणि काही न बोलता क्लॅम्प मागितले. काम संपल्यावर म्हणाले, "भाऊ, थे पट्टी चार दिवस देजा, रिसोडले एक काम हाय." त्याला आता दोन महिने होतील. पट्टी अजून रिसोडलाच आहे.