पाणी प्यावेसे वाटावे म्हणून

भर उन्हातून घरी आलेल्या माणसाला पाणी प्या म्हणून सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते घरात सावलीला बसलेल्याला. वडीलधाऱ्या मंडळींपैकी कित्येकांच्या उशाशी सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असतो, आणि विचारले तर उत्तर ठरलेले : "तहानच लागत नाही." ही सबब नव्हे. रक्तातील क्षारांचे प्रमाण किंचित वाढले की मेंदू तहानेची सूचना देतो. वय वाढते तशी ही सूचना मंदावत जाते. शरीराला पाणी हवे असते, पण जिभेला त्याची वार्ताच नसते. अशा वेळी उपदेशाने फारसे साधत नाही. पाणी प्यावेसे वाटेल अशी सोय करावयास हवी.

आठ पेले मोजून पिण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. 1945 साली अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने प्रौढ माणसाला दिवसाकाठी अडीच लिटर पाणी सुचविले, आणि त्यातील बहुतेक तयार अन्नातूनच मिळते, असेही लगोलग म्हटले. लोकांनी आकडा उचलला, पुढचे वाक्य सोडून दिले! आमटी, ताक, भात, कलिंगड यांतूनही पाणीच पोटात जाते. लघवी फिकट पिवळी होत असली म्हणजे बहुधा ठीक चालले आहे असे समजावे. गडद होऊ लागली की तांब्याकडे वळावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी बेताने घेण्यास सांगितलेले असते, त्यांनी मात्र डॉक्टरांचेच ऐकावे.

आता गोडीचा प्रश्न. येथे आमचा माठ अजून हार जात नाही. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते आणि त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. ती बरीचशी आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून ते निवते. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे झकास साधते. कोकणच्या दमट हवेत वाफ सावकाश होते, तेव्हा तिकडे माठाकडून फार अपेक्षा ठेवू नये. माठ सावलीत पण वाऱ्याच्या वाटेवर, तिवईवर ठेवावा. बैठकीत शोभावा म्हणून तैलरंगाने रंगविलेला माठ आणू नये. रंगाने छिद्रे बुजतात आणि माठाचा नुसता रांजण होतो. बर्फाच्या पाण्याने तहान भागल्यासारखी वाटते खरी, पण पोटात थोडेच जाते. तहानलेल्या माणसांवरील प्रयोगांत सुमारे 15 अंशांचे पाणी सर्वांत अधिक प्यायले गेले. माठातले पाणी याच्या बरेच जवळ येते.

वाळ्याची स्वच्छ धुतलेली पुरचुंडी माठात सोडावी, किंवा मोगऱ्याची चार फुले. वासाने माणूस दुसऱ्यांदा पेला पुढे करतो, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. पुरचुंडी दोन-तीन दिवसांनी बदलावी. वाळ्याने पाण्याला गोडी येते, ते शुद्ध होत नाही. तेव्हा गाळलेले, उकळून निवविलेले पाणीच भरावे आणि काढण्यास ओगराळे ठेवावे, हात बुडवू नये. पन्हे, सरबत हे कौतुकाचे. त्यातील साखर लक्षात घेता रोजच्या पाण्याच्या जागी ते नकोत. आणि म्हाताऱ्या माणसाला "पाणी हवे का?" असे विचारू नये, पेला भरून हातात द्यावा.

पण सर्वांत अवघड अडचण गोडीची नाहीच. दिवसभर बाजारात बसणाऱ्या, एस.टी.ने कामावर जाणाऱ्या आमच्या कितीतरी भगिनी घरून निघताना मुद्दामच पाणी पीत नाहीत. कारण उघड आहे : वाटेत जावयास जागा नसते. याची किंमत मूत्रमार्गाच्या विकारांत आणि मुतखड्यात मोजावी लागू शकते. एकदा खडा होऊन गेलेल्या 199 रुग्णांचा इटलीत पाच वर्षे मागोवा घेतला गेला. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी सुमारे 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांपैकी 27 टक्क्यांना. या भगिनींना वाळ्याचे पाणी देऊन काय उपयोग? उन्हाळा आला की आमच्या पेठेत पाणपोईची वर्गणी निघते. यंदा ती मागावयास आलेल्या मंडळींना आम्ही पैसे दिले, आणि पाणपोईपासून हाकेच्या अंतरावर बायकांसाठी आतून कडी लागेल असे एक स्वच्छतागृह होईल का, असेही विचारले. उत्तर अजून यावयाचे आहे.