लेन्सचे सोल्यूशन कोणते घ्यावे?

आपल्या वस्त्यांमध्ये कॉन्टॅक्ट लेन्स आता नवलाईची राहिलेली नाही. कॉलेजात जाणारी मुलेमुली चष्म्याऐवजी लेन्स लावतात. मैदानावर धावताना, खेळताना चष्मा अडचणीचा होतो म्हणून कोणी लेन्स घेतात. मंगल परिणयाच्या दिवशी नवरीला रंगीत लेन्स लावण्याचीही पद्धत पडली आहे. लेन्स घेताना घरात तिच्या किमतीची चर्चा होते. पण ती रोज ज्यात ठेवायची त्या सोल्यूशनचा विचार मागाहून होतो आणि दुकानदार देईल ती बाटली घरी येते. लेन्स कितीही चांगली असली तरी सोल्यूशन चुकीचे असेल किंवा चुकीच्या पद्धतीने वापरले तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते. म्हणून या वेळी आम्ही त्या बाटलीविषयीच लिहीत आहोत.

तीन बाटल्या, तीन कामे

दुकानात सारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांमध्ये मुख्यतः तीन प्रकार असतात.

पहिला प्रकार मल्टीपर्पज सोल्यूशन. याने लेन्स चोळून साफ करता येते, धुता येते आणि रात्रभर बुडवून ठेवता येते. यात जंतू मारणारे औषध असते. रोज मऊ लेन्स वापरणाऱ्या बहुतेकांसाठी हेच सोयीचे.

दुसरा प्रकार सलाइन. हे निव्वळ मिठाचे निर्जंतुक पाणी. त्याने लेन्स धुता येते, पण जंतू मरत नाहीत. ही बाटली स्वस्त पडते म्हणून काही जण लेन्स रात्रभर सलाइनमध्येच ठेवतात. तसे कधीही करू नये.

तिसरा प्रकार हायड्रोजन पेरॉक्साइडचा. हे जंतू चांगले मारते आणि ज्यांना मल्टीपर्पजमधील औषधाने डोळे चुरचुरतात त्यांना डॉक्टर हे सुचवतात. मात्र याच्यासोबत येणारी खास डबीच वापरावी लागते. त्या डबीत पेरॉक्साइडचे हळूहळू साध्या पाण्यात आणि ऑक्सिजनमध्ये रूपांतर होते. त्याला साधारण सहा तास किंवा लेबलवर लिहिला असेल तेवढा वेळ द्यावाच लागतो. त्याआधी लेन्स डोळ्यात घातली किंवा बाटलीतले थेंब थेट डोळ्यात गेले तर डोळ्याची भयंकर आग होते. घरात एकापेक्षा जास्त माणसे लेन्स लावत असतील तर ही बाटली वेगळी ठेवावी.

कडक लेन्स वापरणाऱ्यांचे सोल्यूशन वेगळे असते. मऊ लेन्सची बाटली त्यांना चालेलच असे नाही. म्हणून खरेदीला जाताना लेन्सचे पाकीट सोबत न्यावे आणि नेत्रतज्ज्ञाने लिहून दिलेले सोल्यूशन दुकानदाराच्या सांगण्यावरून परस्पर बदलू नये.

मोठे नाव म्हणजे खात्री नव्हे

२००६ साली अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांना बुरशीचा संसर्ग झाल्याचे लक्षात आले. तपासात १६४ रुग्ण निश्चित झाले. त्यातील सुमारे एक तृतीयांश रुग्णांवर बुबुळावरचा पारदर्शक पडदा बदलण्याची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. या संसर्गाचा संबंध बॉश अँड लॉम्ब या नामांकित कंपनीच्या 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' या सोल्यूशनशी आढळला आणि कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. पुढच्याच वर्षी 'कम्प्लीट मॉइश्चरप्लस' हे दुसऱ्या कंपनीचे सोल्यूशनही बाजारातून परत बोलवावे लागले. या वेळी रोगाचे कारण होते अकँथामिबा नावाचा पाण्यात राहणारा सूक्ष्म जीव. त्या तपासात आणखी एक गोष्ट दिसली. डबीतले जुने सोल्यूशन न फेकता त्यातच नवे ओतण्याची सवय ज्यांना होती, त्यांना हा रोग होण्याचा धोका जास्त होता.

म्हणजे बाटलीवरचे नाव पाहून निश्चिंत होता येत नाही. वापरण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची.

पाणी नको

आपल्याकडे नळाला ठरावीक वेळीच पाणी येते आणि ते ड्रममध्ये, टाकीत साठवावे लागते. अकँथामिबा साठवलेल्या पाण्यात असतो, तसा थेट नळाच्या पाण्यातही असू शकतो. तो कठीण कवच धारण करतो, त्यामुळे पाण्यातील क्लोरीनने सहसा मरत नाही. म्हणून लेन्स किंवा लेन्सची डबी पाण्याने धुऊ नये. फिल्टरचे, उकळून गार केलेले किंवा विकतच्या बाटलीतले पाणीही नको. घरी मीठ घालून केलेले पाणी, गुलाबपाणी आणि थुंकी तर नकोच नको. लेन्स लावून आंघोळ करणे किंवा पोहणेही टाळावे.

रात्रीची पद्धत

हात साबणाने धुऊन स्वच्छ कपड्याने पूर्ण कोरडे करावेत. लेन्स तळहातावर घेऊन ताज्या सोल्यूशनने दोन्ही बाजूंनी हलक्या बोटाने चोळावी, धुवावी आणि ताज्या सोल्यूशनमध्ये बुडवून ठेवावी. बाटलीवर 'चोळण्याची गरज नाही' असे लिहिले असले तरी मल्टीपर्पज वापरताना चोळावेच. सकाळी डबीतले सोल्यूशन ओतून टाकावे, डबी ताज्या सोल्यूशनने धुवावी, पुसावी आणि झाकण काढून पालथी सुकत ठेवावी. डबी दर तीन महिन्यांनी बदलावी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी आणि लेबलवरील मुदत संपली की उरलेले सोल्यूशन टाकून द्यावे.

खिशाचा हिशेब

चोळणे, धुणे आणि डबी भरणे मिळून दिवसाला साधारण १० मिलिलिटर सोल्यूशन लागते. म्हणजे १२० मिलिलिटरची बाटली बारा दिवस आणि ३६० मिलिलिटरची सुमारे महिनाभर पुरते. छोटी बाटली दोन-तीन महिने पुरत असेल तर कुठेतरी काटकसर होत आहे असे समजावे. ओढाताणीच्या घरात ही काटकसर आम्ही समजू शकतो, पण तिची किंमत डोळा मोजतो. म्हणून लेन्स घेण्याआधीच महिन्याच्या सोल्यूशनचा खर्च विचारावा. तो झेपणार नसेल तर चष्मा वापरावा, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त लग्नकार्यापुरती लेन्स हवी असेल तर एक दिवस वापरून फेकण्याची लेन्स घ्यावी. तिला सोल्यूशन लागत नाही. मात्र बिननंबरच्या रंगीत लेन्सही डॉक्टरांना दाखवूनच घ्याव्यात आणि एकीची लेन्स दुसरीने लावू नये.

डोळा लाल झाला तर

डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, सारखे पाणी येणे किंवा धूसर दिसणे, यातले काहीही झाले तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे किंवा शासकीय रुग्णालयाच्या नेत्र विभागात जावे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणून घालू नयेत. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, पण आतला संसर्ग वाढू शकतो. उशीर झाला तर बुबुळावर कायमचे फूल पडून नजर जाऊ शकते. जाताना लेन्स, डबी आणि सोल्यूशनची बाटली न धुता सोबत न्यावी. रोगजंतू ओळखायला डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर एवढे विचारावे: याने जंतू मरतात का? माझ्या लेन्सला हे चालते का? आणि रोज रात्री ताजे वापरणे मला परवडेल का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तरच ती बाटली घ्यावी.